एक डाळिंब, अनेक भांडारे

एरंडाचे झाड मराठी माणसाला नवे नाही. त्याच्या बियांपासून काढलेले एरंडेल पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी पोट साफ होण्यासाठी दिले जात आले आहे. मात्र त्याच बिया कोणी चावून खाल्ल्या, तर त्यांतील रिसिन नावाचे विष प्राणावर बेतू शकते. तेल गाळताना हे विष पेंडीत राहते, तेलात उतरत नाही. म्हणूनच एकाच बीपासून औषधही मिळते आणि विषही. चहाच्या झुडपाची गोष्टही अशीच आहे. उत्तम चहासाठी ‘दोन पाने आणि एक कळी’ खुडण्याची जी पद्धत आहे, तिच्यामागे चवीइतकेच रसायनाचेही कारण आहे. कोवळ्या शेंड्यात कॅटेचिन या वर्गातील द्रव्ये भरपूर असतात. पान जून होत जाते तसतशी ती कमी होतात.

‘अमुक वनस्पती गुणकारी आहे’ हे विधान त्यामुळे नेहमीच अर्धवट राहते. कोणता भाग, कोणत्या अवस्थेत, कोणत्या पद्धतीने तयार केलेला, हे सांगितल्याशिवाय त्याला पूर्णत्व येत नाही. आयुर्वेदाने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. द्रव्यगुणाच्या ग्रंथांत वनस्पतीच्या वर्णनाबरोबर तिचे ‘प्रयोज्यांग’, म्हणजे औषधासाठी वापरावयाचा भाग, सांगितलेला असतो. कोठे मूळ, कोठे साल, कोठे फळ, तर कोठे संपूर्ण पंचांग. भारतीय आयुर्वेदीय औषधकोशातही प्रत्येक नोंदीत वनस्पतीच्या नावाबरोबर तिचा औषधी भाग स्पष्ट केलेला असतो.

आज बाजारात चूर्णे, रस, गोळ्या आणि कॅप्सूल यांच्या वेष्टनांवर ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ हे शब्द ठळकपणे छापलेले आढळतात आणि मध्यमवर्गीय कुटुंबाच्या मासिक खर्चात त्यांचा वाटा वाढत चालला आहे. अशा वेळी हे द्रव्य वनस्पतीच्या कोणत्या भागात, किती आणि कशासाठी असते हे समजून घेणे आरोग्याच्या दृष्टीने जितके आवश्यक, तितकेच खिशाच्या दृष्टीनेही उपयुक्त ठरते. त्यासाठी उदाहरण म्हणून डाळिंबाइतके सोयीचे झाड दुसरे क्वचितच सापडेल. ते औषधी आहे, सर्वांच्या परिचयाचे आहे आणि सोलापूर, नाशिकपासून कर्नाटकातील विजयपुरा, गुजरातेतील कच्छ व राजस्थानातील बाडमेरपर्यंत हजारो शेतकऱ्यांच्या संसाराचा आधार आहे. चरकसंहितेत दाडिमाची गणना हृद्य, छर्दिनिग्रहण आणि श्रमहर अशा तीन गणांत केलेली आहे; म्हणजे हृदयाला हितकर, उलटी थांबवणारे आणि थकवा घालवणारे द्रव्य म्हणून त्याची प्राचीन काळापासून ख्याती आहे.

प्रतिऑक्सिडीकारक म्हणजे काय?

लोखंड गंजते, कापून ठेवलेले सफरचंद तपकिरी होते, जुने तेल खवट होते. या सर्व घटनांच्या मुळाशी ऑक्सिडीकरण ही एकच रासायनिक क्रिया आहे. मानवी शरीरातही अन्नापासून ऊर्जा निर्माण होत असताना ही क्रिया अखंड चालू असते. तिच्यातून काही अस्थिर कण तयार होतात. त्यांच्यातील एखादा इलेक्ट्रॉन जोडीविना राहिलेला असतो आणि ती जोडी पूर्ण करण्यासाठी ते शेजारच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतात. ज्याचा इलेक्ट्रॉन गेला, तो रेणू मग पुढच्यावर हात टाकतो. अशा कणांना ‘मुक्त मूलके’ म्हणतात. त्यांची संख्या मर्यादेबाहेर गेली की पेशींचे पडदे, प्रथिने आणि डीएनए यांना इजा पोहोचते.

या साखळीत जे द्रव्य स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन टाकते आणि तरीही स्थिर राहते, ते प्रतिऑक्सिडीकारक, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले ‘अँटिऑक्सिडंट’. शरीर स्वतः अशी काही द्रव्ये व विकरे तयार करते. काही आहारातून मिळतात. क आणि ई ही जीवनसत्त्वे त्यांपैकीच होत. वनस्पतींमध्ये यांखेरीज पॉलिफिनॉल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रव्यांचा फार मोठा परिवार असतो. टॅनिन, फ्लॅव्होनॉइड, अँथोसायनिन ही त्या परिवारातील घराणी.

मुक्त मूलके सर्वस्वी शत्रू नव्हेत, हेही येथे लक्षात ठेवावयास हवे. रोगजंतूंचा नाश करण्यासाठी पांढऱ्या पेशी त्यांचाच शस्त्रासारखा उपयोग करतात. म्हणून प्रश्न त्यांना समूळ नष्ट करण्याचा नसून समतोलाचा आहे. जमा आणि खर्च यांचा मेळ बसला पाहिजे, एवढेच शरीराचे मागणे असते.

फळाच्या आत काय कोठे आहे?

बाजारातून एक किलो डाळिंबे आणली तर दाण्यांच्या रूपाने साधारणपणे निम्मे किंवा त्याहून थोडे अधिक वजन हाती लागते. उरलेला भाग साल आणि पिवळसर पडदे यांचा असतो आणि तो बहुधा कचऱ्याच्या डब्यात जातो. प्रतिऑक्सिडीकारकांचा हिशेब मांडला, तर नेमका हाच भाग सर्वांत श्रीमंत ठरतो.

डाळिंबाच्या सालीत एलॅजिटॅनिन या वर्गातील टॅनिने मोठ्या प्रमाणात असतात. त्यांत प्युनिकॅलाजिन हे प्रमुख. डाळिंबाचे शास्त्रीय नाव प्युनिका ग्रॅनेटम. त्यावरूनच या द्रव्याचे नाव पडले. त्याचा रेणू मोठा असतो आणि इलेक्ट्रॉन देऊ शकणाऱ्या अनेक जागा त्यावर असतात, त्यामुळे प्रयोगशाळेतील चाचणीत तो अतिशय प्रभावी ठरतो. सालीची तुरट चव, डाळिंब सोलताना बोटांवर आणि कपड्यांवर पडणारे चिवट डाग, लोखंडी सुरीच्या पात्यावर उमटणारी काळसर छटा, या सर्वांमागे हीच टॅनिने आहेत. लोहाशी संयोग होताच ती गडद रंग धारण करतात. कच्छच्या अजरखसारख्या कापडछपाईत डाळिंबाची साल रंगासाठी वापरली जाते आणि चामडे कमावण्यासाठीही तिचा पूर्वापार उपयोग होत आला आहे, त्याचे कारण हेच.

मैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००२ साली डाळिंबाची साल आणि बिया यांच्या अर्कांची तुलना प्रसिद्ध केली. दोन वेगवेगळ्या चाचण्यांत सालीच्या मिथेनॉल अर्काची प्रतिऑक्सिडीकारक क्षमता ८० टक्क्यांच्या पुढे गेली; बियांच्या अर्काची क्षमता मात्र २३ टक्क्यांच्या आसपास राहिली. २००६ साली चीनमधील संशोधकांनी साल आणि गर यांची तुलना केली. सालीच्या एक ग्रॅम अर्कात सुमारे २४९ मिलिग्रॅम, तर गराच्या एक ग्रॅम अर्कात सुमारे २४ मिलिग्रॅम फिनॉल वर्गातील द्रव्ये आढळली. म्हणजे जे टाकले जाते त्यात, जे खाल्ले जाते त्याच्या सुमारे दहापट.

मग दाणे निःसत्त्व समजावयाचे काय? मुळीच नाही. दाण्यांतील रसाचे भांडार वेगळ्या प्रकारचे आहे. त्याचा माणकासारखा रंग अँथोसायनिन या द्रव्यांमुळे येतो. डेल्फिनिडिन, सायनिडिन आणि पेलार्गोनिडिन या तीन रंगद्रव्यांचे साखरेशी जोडलेले प्रकार त्यात असतात. हीच रंगद्रव्ये प्रतिऑक्सिडीकारक म्हणूनही काम करतात. शिवाय रसात सेंद्रिय आम्ले, पोटॅशियम आणि थोडे क जीवनसत्त्व असते.

दाण्याच्या पोटातील कठीण बीचा संग्रह आणखी निराळा. तिच्यात तेल असते आणि त्या तेलाचा बहुतांश भाग प्युनिसिक आम्ल या दुर्मीळ मेदाम्लाचा असतो. वनस्पतिजगतात हे आम्ल इतक्या मोठ्या प्रमाणात फार थोड्या ठिकाणी आढळते. सौंदर्यप्रसाधनांच्या व्यवसायात डाळिंबाच्या बियांच्या तेलाला मागणी आहे ती यामुळेच. टॅनिन, रंगद्रव्य आणि मेदाम्ल अशी तीन भिन्न भांडारे एकाच फळात हाताच्या बोटांइतक्या अंतरावर नांदतात आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही.

पाने, फुले आणि मुळे

फळाबाहेर पाहिले तर चित्र पुन्हा बदलते. पानांत टॅनिनांबरोबर ल्युटिओलिन व एपिजेनिन या फ्लॅव्होनॉइडांचे प्रकार असतात. फुलांतही पॉलिफिनॉल विपुल असतात आणि आयुर्वेद व युनानी वैद्यकात ती स्तंभक म्हणून वापरली गेली आहेत.

खोडाची व मुळांची साल मात्र वेगळ्याच वर्गात मोडते. तिच्यात टॅनिने आहेतच, पण त्यांच्या जोडीला अल्कलॉइड वर्गातील द्रव्ये आहेत. १८७८ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल तान्‍रे यांनी या सालीतून एक अल्कलॉइड वेगळे केले आणि क्विनीनच्या शोधात सहभागी असलेल्या पिएर जोसेफ पेलेटिए यांच्या स्मरणार्थ त्याला पेलेटिएरीन असे नाव दिले. आतड्यातील पट्टकृमी पाडण्यासाठी मुळाच्या सालीचा काढा भारतात आणि युरोपातही दिला जात असे. कृमींना बधिर करणारे द्रव्य हेच. परंतु मात्रा थोडी जास्त झाली तर रोग्याला चक्कर, उलट्या, स्नायूंची दुर्बलता आणि दृष्टिदोष होऊ शकतो, हेही वैद्यकीय ग्रंथांनी नोंदवून ठेवले आहे. अधिक सुरक्षित औषधे उपलब्ध झाल्यावर हा उपचार मागे पडला.

येथे मूळ मुद्दा अधिक स्पष्ट होतो. प्रतिऑक्सिडीकारक चाचणीत मुळाची सालही चांगले गुण मिळवू शकते, कारण तिच्यात टॅनिन आहे. चाचणीचा तो आकडा शेजारी बसलेल्या विषारी द्रव्याविषयी एक शब्दही सांगत नाही. म्हणून ‘सर्वांत जास्त अँटिऑक्सिडंट असलेला भाग’ आणि ‘खाण्यास सर्वांत योग्य भाग’ या दोन गोष्टी एक मानणे धोक्याचे आहे.

अश्वगंधेच्या बाबतीत हा भेद शासनालाही स्पष्ट करावा लागला. अश्वगंधेचे परंपरेने मान्य प्रयोज्यांग मूळ आहे. पाने मात्र मुबलक व स्वस्त मिळतात आणि त्यांत विथाफेरिन ए हे पेशींवर तीव्र परिणाम करणारे द्रव्य मुळांपेक्षा अधिक असते. पानांचा अर्क मिसळला की चाचणीत काही द्रव्यांचे प्रमाण वाढलेले दिसते, परंतु दीर्घ वापराच्या सुरक्षिततेचा परंपरागत आधार मुळांना आहे, पानांना नाही. २०२१ साली आयुष मंत्रालयाने उत्पादकांना अश्वगंधेच्या पानांचा वापर टाळण्याची सूचना दिली, ती याच पार्श्वभूमीवर.

झाड असे का करते?

सुज्ञ गृहिणी दागिने कपाटात, धान्य कोठीत आणि रोजच्या खर्चाचे पैसे हाताशी ठेवते. प्रत्येक वस्तूची जागा तिच्या उपयोगावरून ठरते. झाडाचा व्यवहारही असाच आहे. माणसाच्या आरोग्यासाठी ते काहीच तयार करीत नाही; जे करते ते स्वतःच्या रक्षणासाठी आणि वंशवृद्धीसाठी.

साल हे फळाचे तटबंदीचे काम करते. बुरशी, किडी आणि प्राणी यांना दूर ठेवण्यासाठी तिच्यात तुरट टॅनिन साठवले जाते. टॅनिन प्रथिनांना घट्ट बांधते, त्यामुळे चावा घेणाऱ्याचे तोंड आवळते आणि बुरशीची विकरे निकामी होतात. दाण्यांचा रस मात्र पक्ष्यांना आमंत्रण देण्यासाठी असतो. फळ उकलले की लाल, गोड दाणे त्यांना खुणावतात आणि बिया दूरवर पोहोचतात. बीमधील तेल ही उगवणाऱ्या रोपाची शिदोरी. पानांना दिवसभर उन्हात राहावयाचे असल्याने अतिनील किरण शोषून घेणारी फ्लॅव्होनॉइडे तेथे जमतात. खोड आणि मुळे वर्षानुवर्षे जगवावयाची असल्याने त्यांच्या सालीत कडू अल्कलॉइडांचा पहारा बसतो.

काळानुसारही हा साठा बदलतो. कोवळ्या डाळिंबाचे दाणे तुरट लागतात, कारण त्या वयात त्यांत टॅनिनचे प्रमाण अधिक असते. फळ पक्व होत जाते तसा तुरटपणा ओसरतो, साखर वाढते आणि अँथोसायनिन तयार होऊ लागल्याने रंग भरतो. वाणानुसारही फरक पडतो. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी १९३६ साली निवडलेला आणि पुढे ‘गणेश’ नावाने प्रसिद्ध झालेला वाण मऊ बी आणि फिकट गुलाबी दाणे यांसाठी ओळखला जातो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे आणलेल्या ‘भगवा’ वाणाचे दाणे गडद लाल असतात, म्हणजे त्यांत रंगद्रव्य अधिक असते. हिमाचल प्रदेशाच्या डोंगरउतारांवर वाढणारे ‘दारू’ नावाचे रानटी डाळिंब इतके आंबट असते की ते तसेच खाल्ले जात नाही. त्याचे दाणे वाळवून अनारदाणा तयार करतात. एकाच जातीच्या झाडांत प्रदेश, पाणी, ऊन आणि तोडणीची वेळ यांनुसार आकडे बदलतात, म्हणून कोणताही एक आकडा सार्वत्रिक मानता येत नाही.

बाटलीतील रस आणि घरातील रस

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने डाळिंबाचे नाव जगभर गाजवले. स्पेन आणि कॅलिफोर्निया येथील संशोधकांनी त्यात दाखवून दिले की बाजारातील डाळिंबरसाची प्रतिऑक्सिडीकारक क्षमता लाल वाइन व हिरवा चहा यांच्या सुमारे तिप्पट असते. या अभ्यासातील दुसरा निष्कर्ष मात्र जाहिरातींत फारसा आला नाही, आणि तोच अधिक बोलका आहे. कारखान्यात अख्खे फळ दाबून काढलेल्या रसाची क्षमता केवळ दाण्यांपासून काढलेल्या रसापेक्षा अधिक भरली. कारण सरळ होते. अख्खे फळ दाबताना सालीतील प्युनिकॅलाजिन रसात उतरते; दाणे वेगळे करून काढलेल्या रसात ते नाममात्र असते.

याचा अर्थ असा की ‘डाळिंबाचा रस’ या एकाच नावाखाली दोन वेगळी पेये असू शकतात. घरी दाणे सोलून, गाळून काढलेला रस गोड, रंगदार आणि सालीच्या टॅनिनापासून जवळजवळ मुक्त असतो. यंत्रात अख्ख्या फळाचा काढलेला रस किंचित तुरट आणि टॅनिनयुक्त असतो. त्यात पुढे उष्णता आणि साठवण यांमुळे अँथोसायनिन कमी होत जाते. रसाचा लाल रंग तपकिरीकडे झुकतो तो त्यामुळे. वेष्टनावरील आकडा यांपैकी कोणत्या पेयाचा आणि केव्हा मोजलेला, हे ग्राहकाला क्वचितच कळते.

परीक्षानळीतून शरीरात

प्रयोगशाळेतील एका नेहमीच्या चाचणीत डीपीपीएच या जांभळ्या द्रव्यात वनस्पतीचा अर्क मिसळतात. अर्काने मुक्त मूलकांना इलेक्ट्रॉन दिले की जांभळा रंग फिका पडून पिवळा होतो आणि किती रंग उडाला त्यावरून क्षमता मोजली जाते. चाचणी सोपी व स्वस्त आहे आणि भागाभागांची तुलना करण्यासाठी उपयुक्तही आहे. परंतु परीक्षानळीत जठर नसते, आतडे नसते आणि यकृतही नसते.

प्युनिकॅलाजिनचा मोठा रेणू आतड्याच्या भिंतीतून जसाच्या तसा रक्तात जात नाही. आतड्यात त्याचे एलॅजिक आम्ल होते आणि मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यापासून युरोलिथिन नावाची लहान द्रव्ये बनवतात. रक्तात पोहोचतात ती मुख्यतः हीच. विशेष म्हणजे प्रत्येकाच्या आतड्यातील जिवाणू सारखे नसतात. काहींच्या शरीरात एका प्रकारचे युरोलिथिन बनते, काहींच्या शरीरात दुसऱ्या प्रकारचे, तर काहींच्या शरीरात जवळजवळ बनतच नाही. म्हणजे एकाच घरातील दोघांनी एकाच पेल्यातून रस घेतला, तरी दोघांना मिळणारा लाभ सारखा असेल असे नाही.

अन्नपदार्थांच्या प्रतिऑक्सिडीकारक क्षमतेची एक मोठी तालिका अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केली होती. परीक्षानळीतील हे आकडे शरीरातील परिणामाशी जुळत नाहीत आणि उत्पादक जाहिरातींसाठी त्यांचा गैरवापर करतात, असे आढळल्याने २०१२ साली ती मागे घेण्यात आली. डाळिंबाच्या उत्पादनांनी हृदयविकार आणि पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग टळतो अशा तेथील काही जाहिराती २०१३ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. आपल्याकडेही विशिष्ट रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना औषधे व चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीच्या १९५४ च्या कायद्याने प्रतिबंध केलेला आहे.

‘जितके जास्त तितके चांगले’ या समजुतीला सर्वांत मोठा धक्का फिनलंडमधील एका अभ्यासाने दिला. धूम्रपान करणाऱ्या हजारो पुरुषांना बीटा-कॅरोटीन या प्रतिऑक्सिडीकारकाच्या गोळ्या अनेक वर्षे देण्यात आल्या. १९९४ साली निष्कर्ष हाती आले तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी वाढलेले आढळले. गाजर खाणे आणि गाजरातील एक द्रव्य वेगळे काढून मोठ्या मात्रेत घेणे या एकच गोष्टी नव्हेत, हे त्यातून सिद्ध झाले.

घरातील डाळिंब

या माहितीचा रोजच्या व्यवहारात उपयोग कसा करावयाचा? पहिली गोष्ट, दाणे चावून खावेत. त्यामुळे रसाबरोबर बियांतील तंतुमय भागही पोटात जातो. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे १३ ते १४ ग्रॅम साखर असते. दाण्यांतील तंतूंमुळे ती सावकाश शोषली जाते. रस गाळला की तंतू जातात आणि साखर राहते. मधुमेहींनी हा फरक विशेष लक्षात ठेवावा.

दुसरी गोष्ट सालीची. तिच्यात इतके पॉलिफिनॉल आहेत हे वाचून बाजारच्या डाळिंबाची साल वाळवून तिचे चूर्ण करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण डाळिंबावर पडणाऱ्या तेल्या रोगापासून बाग वाचवण्यासाठी शेतकऱ्याला तांबेयुक्त औषधे, जंतुनाशके आणि कीटकनाशके यांच्या फवारण्या कराव्या लागतात. त्यांचा अंश सर्वाधिक राहतो तो सालीवर. शिवाय टॅनिन अन्नातील लोह बांधून ठेवते; रक्तक्षय असलेल्या स्त्रियांना आणि मुलांना ते रोज देणे हिताचे नाही. अतिमात्रेने मलावरोधही होतो. अतिसारावर सालीचा काढा देण्याची प्रथा जुनी आहे खरी, परंतु तो ठरावीक मात्रेत, थोड्या दिवसांसाठी आणि वैद्याच्या सल्ल्याने द्यावयाचा असतो. अतिसार झालेल्या बालकाला सर्वांत आधी आवश्यक असते ते जलसंजीवनीचे पाणी.

तिसरी गोष्ट, खोडाच्या व मुळांच्या सालीचा प्रयोग घरी कधीही करू नये. गर्भवती स्त्रियांनी तर त्यापासून कटाक्षाने दूर राहावे. रक्त पातळ करणारी वा रक्तदाबाची औषधे नियमित घेणाऱ्यांनी डाळिंबाचे अर्क किंवा कॅप्सूल सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आणि कोणतेही वनौषधी उत्पादन घेताना वेष्टनावर वनस्पतीच्या नावापुढे तिचा भाग लिहिलेला आहे की नाही, हे पाहावे. ‘मूळ’, ‘पान’, ‘फळाची साल’ असा उल्लेख नसेल, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी ती खरेदी विचारपूर्वक करावी.

शेत, उद्योग आणि पतपुरवठा

सोलापूर येथे २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले. सोलापूर डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक निर्देशांकही मिळाला. तरीही उन्हाने करपलेली, तडकलेली आणि आकाराने लहान फळे शेतकऱ्याला पडेल त्या भावाने विकावी लागतात. अशा फळांचे दाणे, रस, अनारदाणा आणि बियांचे तेल यांत रूपांतर करणारा उद्योग त्याला आधार देऊ शकतो. रसउद्योगातून निघणाऱ्या सालीलाही रंगकाम, चर्मोद्योग व अर्कनिर्मिती या क्षेत्रांत मोल आहे. एकाच फळाच्या प्रत्येक भागाला निराळा ग्राहक आहे, ही गोष्ट या व्यवसायाचे बलस्थान आहे.

पण तीच त्याची कसोटीही आहे. औषधी वनस्पतींच्या लागवडीचे किंवा प्रक्रियेचे कर्जप्रस्ताव शाखेत येतात, तेव्हा अहवालात बहुधा वनस्पतीचे नाव आणि अपेक्षित उत्पन्न एवढेच ठळक असते. कोणता भाग विकला जाणार, तो पिकाच्या कोणत्या वयात मिळणार, खरेदीदाराला त्यातील कोणत्या द्रव्याचे किती प्रमाण हवे आहे, ते कोणत्या प्रयोगशाळेत तपासले जाणार आणि फवारणीच्या अंशाची मर्यादा कशी पाळली जाणार, हे प्रश्न प्रस्तावाच्या पहिल्याच टप्प्यावर विचारले गेले, तर पुढील निराशा टळते. मूळ हवे असलेल्या पिकात पानांच्या उत्पन्नाचा हिशेब धरला, किंवा फवारलेल्या सालीला औषधी अर्काचा भाव गृहीत धरला, तर कागदावर नफ्यात दिसणारा प्रकल्प पहिल्याच हंगामात अडचणीत येतो. अशा वेळी शेतकऱ्याची जमीन तारण असते आणि बँकेचा पैसाही अडकतो. वेळीच विचारलेल्या दोन प्रश्नांनी दोघांचेही रक्षण होते.

कोणत्याही संस्थेचा ताळेबंद वाचताना एकूण रकमेवर समाधान मानण्याची रीत नाही. कोणत्या सदरात किती आणि कशाच्या मोबदल्यात, हे पाहावे लागते. औषधी वनस्पतींच्या बाबतीत हीच सवय उपयोगी पडते. डाळिंबाची साल टॅनिनाने, दाणे रंगद्रव्याने, बी तेलाने समृद्ध आहे आणि मुळाची साल जपून राहावे अशी आहे. यापुढे कोणी ‘डाळिंबात अँटिऑक्सिडंट भरपूर असतात’ असे सांगितले, तर ‘कोणत्या भागात?’ हा प्रश्न ग्राहकाने दुकानात आणि अधिकाऱ्याने शाखेत आवर्जून विचारावा.